सत्तेचाळीस नंबरची बंदूक

"माझा भाऊ वेडा आहे हे सगळ्यांनी मान्य केलंय," ताई म्हणाली. "त्याचा वकील म्हणतो, डॉक्टर म्हणतो, त्याचा कप्तानही म्हणतो. मीसुद्धा म्हणते. मग मला झोप का लागत नाही?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही काय काम करता?"

"शिवणकाम. शाळेचे गणवेश."

"मग शिवणकामातच सांगा. कुठे खटकतंय?"

ताई साठी उलटलेली, हातावर सुईचे डाग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "शिवलंय छान," ती म्हणाली, "शिवण कुठे उसवत नाही. पण त्याच्या मापाचं नाही."

कोपऱ्यात चहा ओतणारे दादा थबकले. दादांनी तीस वर्षं बस चालवली होती. बायको गेली, मुलगी दूर देशी गेली, आणि रिकाम्या घरात भांड्यांचा आवाजही नकोसा झाला, तेव्हा ते बाईंकडे गाडी चालवायला लागले. बाई पूर्वी विमा कंपनीत जळालेल्या गोदामांची तपासणी करायच्या. कुठली आग आपोआप लागली आणि कुठली लावली, हे राखेवरून सांगायच्या. आता लोकांच्या भानगडी तपासत होत्या. दादांचं मत असं, की बाईंच्या डोक्यात इंजिन होतं आणि दादांच्या डोक्यात नुसता हॉर्न.

ताईने हकिगत सांगितली. आईबाप लवकर गेले. धाकट्याला तिनेच वाढवलं. तो सैन्यात गेला. वर्षापूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर स्फोट झाला आणि त्याचा सोबती गेला. तेव्हापासून धाकट्याची झोप उडाली, कानात हाका ऐकू यायला लागल्या. आणि आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी डोंगरावरच्या चौकीबाहेर पाच गावकरी गोळ्या लागून मेले. धाकटा त्यांच्याजवळ मांडीवर बंदूक घेऊन बसलेला सापडला.

"विचारलं तर म्हणाला, मी मारले. आजही तेच म्हणतो."

"आणि वकील?"

"ते म्हणतात, गुन्हा कबूल करायचा आणि तो शुद्धीत नव्हता असं दाखवायचं. म्हणजे फाशी नाही. बंद वॉर्डात ठेवतील. किती वर्षं विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले." ताईने पदराने चष्मा पुसला. "गुरुवारी सुनावणी आहे. एकदा शिक्का बसला की तो वेडा खुनी. मी मेल्यावर त्याला भेटायला कोण जाणार?"

आज सोमवार होता.

"त्याचं एखादं पत्र?"

ताईने पिशवीतून घडी काढली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. घटनेच्या पंधरा दिवस आधीचं पत्र. बाईंनी मोठ्याने वाचलं.

"'ताई, मला हलकं काम दिलं आहे. मुदपाकखान्यात कांदे चिरतो, त्यामुळे रडायला निमित्त लागत नाही. जेवण रोज उरतं, टाकवत नाही. तारेपलीकडे घेणारे आहेत. ज्या वस्तूची भीती वाटायची ती आपल्या हाताने दूर ठेवली आहे. आता थोडं बरं वाटतं. तू औषध वेळेवर घे.'"

"कुठली वस्तू?" बाईंनी विचारलं.

"दारू असेल," ताई हळूच म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

ती गेल्यावर दादा म्हणाले, "बाई, मला तर सरळ दिसतंय. पोरगा सोंग करतोय. वेड पांघरलं की सुटका."

"सोंग करणारा माणूस 'मी मारले' म्हणत नाही, दादा. तो म्हणतो, मला काही आठवत नाही." बाईंनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "आणि साखर घालायला विसरलात."

---

वकिलाच्या खोलीत फायलींचे ढीग जमिनीपासून खिडकीपर्यंत चढले होते. वकील तरुण, दमलेला, आणि मनाने वाईट नव्हता.

"मी त्याचा जीव वाचवतोय," तो म्हणाला. "त्यात तुम्ही हात घालू नका."

"हात नाही घालत. फक्त डोळे घालते," बाई म्हणाल्या. "फाईल द्या."

फायलीत सगळं नीटनेटकं होतं. चौकीवर कप्तान आणि बत्तीस शिपाई. त्या दिवशी पहाटे पाचला तीस जण गस्तीला गेले. मागे राहिले तिघे: कप्तान, शस्त्रकोठी सांभाळणारा शिपाई, आणि हलक्या कामावरचा धाकटा. सहा वाजून पाच मिनिटांनी पाच गोळ्या सुटल्या. तेव्हा धुकं होतं. चौकीच्या कठड्यापासून साठ पावलांवर, तारेजवळ, पाच माणसं पडली. गोळ्या बंदूक क्रमांक सत्तेचाळीसच्या. ती धाकट्याच्या नावावरची. कोठीच्या नोंदवहीत, रोजच्यासारखी, पहाटे पाचला ती त्याला दिल्याची नोंद आणि सही.

"प्रेतांजवळ काय सापडलं?"

"काही नाही. रिकामे डबे. पाच."

"पाण्याचे?"

"ओढा गावाच्या पलीकडच्या बाजूला आहे," वकील म्हणाला. "मी नकाशा पाहिलाय. सरपणाला आले असतील."

"डब्यात सरपण?" बाई म्हणाल्या, पण वकिलाने फोन उचलला होता.

दादांनी बाईंच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "पाच गोळ्या, पाच माणसं. आमच्या डेपोत मी पाच दगड मारले तर एक आंबा पडायचा नाही."

बाईंनी मान वळवून दादांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ दादांना कधीच कळत नसे. आपण काही शहाणं बोललो की फारच बावळट, एवढंही.

---

मनोरुग्णांच्या इस्पितळात दुपारची वेळ सगळ्यात शांत. लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास, आणि प्रत्येक खिडकीशी एकेक माणूस, कुणाचीच वाट न बघता उभा. दादांना आपलं रिकामं घर आठवलं आणि ते भराभर चालायला लागले.

वॉर्डाची मुख्य परिचारिका जाडजूड, खणखणीत आवाजाची. "नातेवाईक की सरकार?" तिने विचारलं.

"दोन्ही नाही."

"मग बसा. नाहीतर इथे त्या दोघांशिवाय कुणी फिरकत नाही. तेही फारसे नाहीत."

धाकटा पलंगाच्या कडेला बसला होता. चाळिशीचा, पण केस पांढरे. परिचारिकेने त्याला चहा दिला तो पेल्यात नाही, झाकणाच्या बाटलीत.

"हात थरथरतात," ती म्हणाली. "इथे आला त्या दिवसापासून. चौकीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीतही लिहिलंय, दोन महिने आधीपासून. गोळ्यांमुळे होतं. सदऱ्याची बटणं मी लावते."

बाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. "मी तुमच्या ताईकडून आले."

त्याने वर पाहिलं. "तिने औषध घेतलं?"

"घेतलं. त्या सकाळचं सांगाल?"

"मी मारले," धाकटा म्हणाला. आवाजात चढउतार नव्हता. "पाच जण. माझ्यामुळे आले. मी मारले."

"बंदूक कुठल्या खांद्याला लावलीत?"

तो गोंधळला. उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाईंनी आणखी काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी परिचारिकेला विचारलं, "याला पकडलं तेव्हाचे कपडे?"

"त्याच कपड्यांत, त्याच दिवशी, ट्रकमधून आणला. कुणी बदलले नाहीत की खिसे तपासले नाहीत. मीच तपासले. शिक्का मारलेली पिशवी कपाटात आहे. यादी ही घ्या."

दादांनी यादी वाचली. रुमाल एक. लोखंडी चमचा एक. पितळी बिल्ला एक, नंबर सत्तेचाळीस. सुईदोरा. बहिणीचा फोटो. पितळी बिल्ला म्हणजे पलंगाचा नंबर असावा असं दादांना वाटलं, आणि फोटोचं वाचून त्यांनी नाक शिंकरलं.

बाईंनी यादी वहीत उतरवून घेतली. अक्षर न् अक्षर.

---

कोठी सांभाळणारा शिपाई घटनेनंतर महिनाभरात नोकरी सोडून आला होता. आता तो शहरातल्या संग्रहालयात, लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या खोलीत बसत होता. बुटका, कानाशी पांढरे कल्ले. दादांनी आपली जेवणाची पिशवी त्याच्या हवाली केली, त्याने खिळ्यावरचा बिल्ला काढून दादांना दिला.

"जुनीच नोकरी म्हणायची," बाई म्हणाल्या.

तो कसनुसा हसला. "हिशोब एकच. तिथे शिपाई बंदूक न्यायला आला की खिशातला बिल्ला माझ्याकडे द्यायचा. मी तो त्या बंदुकीच्या खिळ्याला टांगायचा. बंदूक परत आली की बिल्ला परत. रात्री सगळे बिल्ले शिपायांकडे, सगळ्या बंदुका माझ्याकडे. रांगेवरून नजर फिरवली की कळतं, काय आत, काय बाहेर. नोंदवही नंतर. ती साहेबांसाठी."

"तुमची स्वतःची बंदूक?"

"माझ्या खांद्याला. कोठीवाला ती उतरवत नाही."

"साहेब बिल्ला टांगतात का?"

"साहेबांना कसला बिल्ला!" तो म्हणाला. "त्यांच्या कमरेला पिस्तूल. ते कोठीत आलेच तर मी उभा राहतो, एवढंच."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

हसू मावळलं. "कोठीत. झाडत होतो. गोळ्या ऐकल्या, बाहेर आलो, तोवर झालं होतं."

"धाकट्याला बंदूक कधी दिली होती?"

"वहीत आहे," तो म्हणाला. "पाचला."

"कांदे चिरायला बंदूक लागते?"

"वहीत आहे, बाई." त्याने मागे वळून पिशव्या सारख्या करायला घेतल्या. त्या आधीच सारख्या होत्या. "तुम्हाला एक सांगू? मी एकटा राहतो. दाराशी कुणी आलं की अजून छातीत धडधडतं. मला त्यात ओढू नका."

गाडीत बसल्यावर दादांनी खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला. "पिशवी आतच राहिली! आणि हा बघा, बिल्ला माझ्या खिशात."

बाई हसल्या. आज पहिल्यांदाच. "दादा, तुमच्यासारखा साहाय्यक शोधून सापडायचा नाही."

"टोमणा मारा. भाजीपोळी तिथे आणि मी इथे."

"टोमणा नाही. जा, पिशवी घेऊन या. आणि येताना विचार करा, तुमची पिशवी आत आहे हे आपल्याला कशावरून कळलं."

दादा गेले आणि पिशवी घेऊन आले. विचार करायचं राहून गेलं.

---

कप्तान आता बढती मिळून मुख्यालयात होता. भिंतीशी काचेचं कपाट, त्यात चांदीचे सात पेले.

"पळण्याचे?" दादांनी आदराने विचारलं.

"नेमबाजीचे," कप्तान म्हणाला. पस्तिशीचा, देखणा, डोळ्यांखाली काळं. त्याने स्वतः उठून बाईंना खुर्ची दिली. "मी त्याच्या बाजूनेच साक्ष देणार आहे. बिचारा आजारी होता. मी त्याला आधीच घरी पाठवायला हवं होतं. हा दोष माझा, तो मी कोर्टात कबूल करणार."

"मोठं मन आहे."

"आपलाच माणूस होता."

"तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

"कचेरीत. अहवाल लिहीत होतो. गोळ्यांचा आवाज आला, धावत गेलो. तो बसला होता, बंदूक मांडीवर. मी ती काढून घेतली. त्याने विरोधही केला नाही."

"कोठीवाला?"

"तो घाबरट माणूस. माझ्यानंतर आला. खरं सांगायचं तर, कोठी त्याच्या ताब्यात होती, मी सगळं पाहिलेलं नाही. पण मला कुणावर आरोप करायचा नाही. धाकट्याने कबूल केलंय. आणि त्याला शिक्षा होणार नाही, उपचार होतील. यात कुणाचं काय नुकसान आहे?"

"पाच जणांचं तर झालंच आहे," बाई म्हणाल्या.

"ते परत येणार नाहीत," कप्तान म्हणाला, आणि खिडकी बंद केली. बाहेर वारा नव्हता.

---

बुधवारी दुपारी वकिलाच्या खोलीत आणखी पाच खुर्च्या कशाबशा मावल्या. कप्तान आपल्या साक्षीची तयारी करायला आला होता. ताई भिंतीशी बसली होती. कोठीवाल्याला दादांनी आणलं होतं. कसं, ते दादांनाच माहीत. बसच्या मागच्या दारात अडकलेल्या उतारूला जसं न ओरडता, न ढकलता आत घ्यावं लागतं, तसं.

"उद्या आपण वेडाचा दावा करणार," बाई म्हणाल्या. "वकीलसाहेब, त्याचा पहिला अर्थ काय?"

"की कृत्य त्याने केलं, पण—"

"बस. 'पण'च्या आधीच थांबा. वेड सिद्ध करायच्या नादात आपण सगळ्यांनी ते कृत्य फुकटात देऊन टाकलं. ते कुणी तपासलंच नाही. त्याने आपण होऊन कबूल केलं, आजार खरा होता, आणि आजारी माणसाने केलं म्हटलं की बाकीच्यांना प्रश्न विचारायची गरज उरत नाही."

"आजार खरा नाही असं म्हणायचंय?" कप्तानाने विचारलं.

"शंभर टक्के खरा. म्हणूनच तो सुटतो. त्याचे हात पाहिलेत? चहाचा पेला धरता येत नाही. घटनेच्या दोन महिने आधीच्या चिठ्ठीत तेच लिहिलंय. आणि धुक्यात, साठ पावलांवरून, पाच गोळ्यांत पाच माणसं. एकही गोळी वाया नाही. आमचे दादा म्हणाले तेव्हाच माझे कान टवकारले."

दादा खुर्चीत ताठ झाले. म्हणजे ते शहाणं बोलले होते.

"नशीब," कप्तान म्हणाला. "रणात असं होतं."

"होत असेल. मग खिशाकडे या." बाईंनी वही उघडली. "त्याला पकडलं त्याच कपड्यांत वॉर्डात आणलं. खिशात काय होतं? पितळी बिल्ला, नंबर सत्तेचाळीस. कोठीवाले, बंदूक बाहेर असेल तर तिचा बिल्ला कुठे असतो?"

कोठीवाला खाली बघत होता. "खिळ्यावर."

"आणि शिपायाच्या खिशात असेल तर?"

"तर... बंदूक आत."

"माझी पिशवी!" दादा मोठ्याने म्हणाले. "बिल्ला खिशात, म्हणजे पिशवी आत!"

"उशिरा का होईना, गाडी स्टँडवर आली," बाई म्हणाल्या. "धाकट्याने ती बंदूक नेलीच नव्हती. त्या दिवशीच काय, कितीतरी दिवस. ताई, त्याच्या पत्रातली ती वस्तू दारू नव्हती. ज्याची भीती वाटायची ते त्याने आपल्या हाताने दूर ठेवलं. स्वतःची बंदूक."

ताईचा हात तोंडावर गेला.

"आता चित्र बघा. तीस जण गस्तीला, तीस बंदुका बाहेर. कोठीवाल्याची त्याच्या खांद्याला. कोठीत उरली एकच. ज्याला कुणाला घाईघाईने बंदूक हवी होती, त्याला तीच मिळणार होती. ठरवून नाही, कट करून नाही. दुसरी नव्हतीच म्हणून."

"कोठीची किल्ली याच्याकडे होती," कप्तान शांतपणे म्हणाला, कोठीवाल्याकडे न बघता.

"हो. चौकीत तिघेच. एकाचे हात थरथरतात. उरले दोन. मी मंगळवारी रात्रभर याचाच विचार केला." बाईंनी चष्मा काढला. "कोठीवाल्याला गोळी घालायची असती तर त्याच्या खांद्यावर बंदूक होती, दुसरी काढायची गरज नव्हती. ते सोडा. समजा त्याने मुद्दाम दुसऱ्याची घेतली. मग धाकट्याच्या मांडीवर ती ठेवताना त्याने सगळ्यात आधी काय केलं असतं? खिशातला बिल्ला काढून खिळ्याला टांगला असता. ज्याने हजारो वेळा बिल्ला घेतला आणि दिला, त्याचा हात आपोआप तिकडे गेला असता. ज्याने हे केलं त्याला बिल्ला आठवलाच नाही. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी बिल्ला दिलेला नाही असा माणूस. साहेब कोठीत आले की कोठीवाला नुसता उभा राहतो."

बाईंनी वही मिटली.

"पिस्तूल साठ पावलांवर कामाचं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तुम्ही कोठीत गेलात, कप्तानसाहेब."

"हा तर्क आहे," कप्तान म्हणाला. "आजारी माणसाने बिल्ला देताना घोळ घातला असेल. कोर्ट खिशातल्या पितळेवर माझी वर्दी उतरवणार नाही."

"नाही उतरवणार," बाईंनी कबूल केलं. "एक माणूस बोलला तर उतरवेल."

सगळ्यांनी कोठीवाल्याकडे पाहिलं. तो ताईकडे वळला, बाकी कुणाकडे नाही.

"तो माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, काका, ही ठेवून घ्या. मी मागितली तरी देऊ नका. मला माझा भरवसा नाही. मी ठेवून घेतली. रोज वहीत दिली म्हणून लिहायचो, तो सही करायचा. वर कळवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. त्या सकाळी साहेब धावत आले. म्हणाले, तारेशी माणसं आहेत, हातात काहीतरी चमकतंय. एकच बंदूक होती. मी दिली. बिल्ला कोण मागणार?"

"डबे चमकत होते," बाई हळूच म्हणाल्या. "उरलेलं जेवण न्यायला आले होते. रोजच्यासारखे."

"नंतर साहेब म्हणाले, वहीत तसंही त्याचंच नाव आहे. मी म्हटलं, हो. रिकाम्या खिळ्याकडे बघून मला लगेच कळलं होतं की बिल्ला त्याच्याजवळ राहिला. मी कुणाला सांगितलं नाही. कुणीतरी विचारेल असं वाटायचं. आठ महिने कुणी विचारलं नाही."

कप्तान उठला, पुन्हा बसला. "धुकं होतं," तो म्हणाला. आवाज अगदीच वेगळा होता, एखाद्या पोरासारखा. "मला वाटलं, चाल करून आले. तीस माणसं बाहेर, मी एकटा. जवळ गेलो तेव्हा दिसलं. तो मुदपाकखान्यातून धावत आला आणि त्यांच्यात बसला. रडेना, बोलेना. मी त्याच्या मांडीवर ठेवली, तरी त्याने पाहिलं नाही." त्याने वकिलाकडे पाहिलं. "मी शुद्धीत होतो. मला कुठला डॉक्टर वाचवणार? त्याला तर आधीच चिठ्ठी होती. त्याला फाशी होणार नव्हती. मी हिशोब केला, कुणाचंच फारसं जाणार नाही."

"माझा भाऊ गेला," ताई म्हणाली. एवढंच. तिने आवाजही चढवला नाही.

वकिलाने उद्याचे कागद हळूहळू बाजूला सारले आणि कोरा कागद पुढे ओढला. "काका," तो कोठीवाल्याला म्हणाला, "सुरुवातीपासून सांगा. घाई नाही."

---

पुढच्या रविवारी दादांनी ताईला इस्पितळात नेलं. बाई आल्या नाहीत. दारं उघडून झाली की पुढची घरं ज्याची त्याने बघायची, असं त्या म्हणायच्या. दादांना हे कधी पटलं नव्हतं, म्हणून ते व्हरांड्यात दाराशी उभे राहिले.

ताईने धाकट्याला सगळं सांगितलं. कोण कोठीत गेला, कुणी चाप ओढला, बंदूक मांडीवर कशी आली. खुनाचा खटला त्याच्यावर राहणार नव्हता. बंद वॉर्डातून त्याला उघड्या वॉर्डात हलवणार होते. डॉक्टर म्हणाले होते, बरं व्हायला वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण बोलावलं मीच होतं."

"हो. बोलावलं होतंस."

"बोलावलं नसतं तर आले नसते."

"नसते आले." ताईने त्याला खोटं सांगितलं नाही. लहानपणीही सांगितलं नव्हतं. "जेवायला बोलावलं होतंस. मारायला दुसऱ्याने मारलं."

खिडकीशी उभा असलेला एक म्हातारा वळून बघून पुन्हा बाहेर बघायला लागला.

"मग मी बरा झालो का?" धाकट्याने विचारलं.

"नाही रे. आजारी आहेस. पण खुनी नाहीस."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, गणित घातलेल्या लहान मुलासारख्या. "दोन्ही वेगळं असतं?"

"वेगळं असतं."

"सगळे एकच म्हणत होते."

"चुकत होते सगळे. मीसुद्धा."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ताई उठली तसा त्याने तिचा हात धरला. त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे तिचाही थरथरायला लागला.

"पुन्हा एकदा सांग," तो म्हणाला.

ताईने सांगितलं. परिचारिका दाराशी आली, घड्याळाकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत गेली.

"अजून एकदा," धाकटा म्हणाला.

ताई पुन्हा खाली बसली.